रामुनेनं बांधलेला दुसरा संघ

पैज लागली ती मुळ्यांवरून.

ऑगस्ट संपत आला होता. शिलूपिसच्या तळ्याकाठच्या बागांमध्ये जो तो आपापल्या वाफ्यात वाकलेला. रामुने मुळे उपटत होती आणि कुंपणापलीकडे विल्मांतास पांढरी पँट घालून नुसता उभा होता. बाग त्याच्या सासूची. तो स्वतः वसंतापासून बंदरावर राहायला गेलेला, शनिवार-रविवारी नवी गाडी दाखवायला यायचा.

"मुळे जून झाले गं तुझे, रामुने," तो म्हणाला. "तुझ्या संघासारखेच."

"तुझ्याकडे बरा एकही म्हातारा नाही," रामुने मान वर न करता म्हणाली. "कसा असेल? माझ्याकडचे तरणे तेवढे निवडून नेलेस."

यात खोटं काही नव्हतं. अकरा वर्षं विल्मांतास शिलूपिसच्या बास्केटबॉल क्लबचा संचालक होता आणि रामुने त्याची मदतनीस. म्हणजे तो टीव्हीवर बोलायचा, आणि बस, घरं, तिकिटं, डॉक्टर, रुसलेल्या बायका हे सगळं ती बघायची. खेळाडू हेरायचीही तीच. मग बंदरावरच्या कोपोस क्लबनं त्याला दुप्पट पगार देऊ केला. हा गेला, आणि जाताना आठवडाभरात शिलूपिसचे तीन चांगले खेळाडू घेऊन गेला. करारात कलम होतं, की ठरलेली बारीकशी रक्कम भरली की खेळाडू मोकळा. ती कलमं शिलूपिसच्या खुर्चीत बसून यानंच घातली होती. चौथा इग्नास तेवढा राहिला, कारण त्याचं कलम जानेवारीत उघडणार होतं.

रिकाम्या खुर्चीत बसायला कुणी तयार होईना, म्हणून ती रामुनेला मिळाली. सोबत नगराध्यक्षांचा निरोपही मिळाला. संघ पहिल्या आठात आला तर पुढच्या वर्षी नगरपालिका पैसे देईल. नाही आला तर क्लब बंद, आणि हॉल फर्निचरवाल्याला गोदाम म्हणून. लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून शिलूपिसमध्ये हिवाळ्यात माणसांनी एकत्र जमावं अशी तीच एक जागा उरली होती. रामुने त्या हॉलमध्ये दहाव्या वर्षापासून खेळली होती. नवरा तिला तिथेच भेटला आणि तिथल्याच तिकीटबाईबरोबर पळूनही गेला. तरी हॉलवर तिचा राग नव्हता.

"आठात?" विल्मांतास हसला. "तू? अगं, जानेवारीत इग्नासला नेला की तुझ्याकडे चेंडू पंप करायला तरी माणूस उरेल का?"

तिसऱ्या बागेत आल्दोनाआजी धुरावर ब्रीम मासे टांगत होती. ऐंशीच्या घरातली बाई, बाजारात तिची माशांची गाडी. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तसं कुणी विचारायची तिला कधी गरजही पडली नाही.

"नुसतं तोंडानं काय फुशारक्या मारता," ती म्हणाली. "पैज लावा."

"कसली पैज, आजी?"

"शिलूपिस आठात आलं तर तू, नाही आलं तर ही. शनिवारच्या बाजारात, चौकात, सगळ्यांसमोर बीटाचं गार सूप प्यायचं."

"त्यात काय? मी रोज पितो."

"बुटातून," आजी म्हणाली. "खेळाडूच्या."

विल्मांतास खो खो हसला. "धुतलेल्या ना?"

"खेळलेल्या."

त्यानं कुंपणावरून हात पुढे केला. रामुनेचा हात मातीनं भरलेला होता. तो पुसायची तसदी न घेता तिनं त्याच्या हातात दिला आणि चांगला दाबला. पांढऱ्या पँटला पुसल्याशिवाय त्याला गत्यंतर राहिलं नाही. हा पहिला वार. बारीक होता, पण रामुनेला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

*

कोपोसकडे पैसा किती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या मालकाची जहाजं होती. शिलूपिसकडे नगरपालिकेचे पैसे, सॉसेजच्या कारखान्याची जाहिरात आणि तिकिटं. कोपोस एका खेळाडूला जेवढं देत होता तेवढ्यात रामुनेला बारा जण उभे करायचे होते.

प्रशिक्षक स्तासिस रोज सकाळी तिच्या ऑफिसात येऊन तेच म्हणायचा. सदुसष्ट वर्षांचा माणूस, गळ्यात शिट्टी. अंत्यविधीलाही तो ती काढत नसे.

"मला एक उंच दे, रामुने. बाकीचे मी शेजारपाजारचे घेऊन चालवतो. पण बास्केटखाली एक उंच माणूस पाहिजे."

"उंच माणूस वर जाईल तसा महाग होतो रे."

"मग पैसे गेले कुठे?"

"नव्या बसला."

स्तासिसनं शिट्टी तोंडात धरली. तो चिडला की तसं करायचा, म्हणजे तोंडून शिवी जात नसे.

पण रामुनेचं गणित निराळं होतं. जुन्या बसमध्ये गुडघे मुडपून पाच-पाच तास बसलेली लांब पोरं उतरायची तेव्हा म्हाताऱ्यांसारखी चालायची, आणि पहिला डाव त्यातच जायचा. तिनं ऐसपैस सीटांची बस घेतली. मग खेळाडूंपेक्षा त्यांच्या बायकांवर लक्ष दिलं. एका लॅटव्हियन फॉरवर्डची बायको दातांची डॉक्टर होती. रामुनेनं तिला गावातला बंद पडलेला दवाखाना मिळवून दिला, तेव्हा नवरा दुसरीकडच्या निम्म्या पगारात आला. खेळाडूला पैसे कमी पडले तर तो कुरकुरतो, पण बायकोचं बस्तान बसलं की तो हलत नाही, हे तिला ठाऊक होतं. कर्णधार म्हणून तिनं बेनासला परत आणला. अडतिशीचा, गाडी चालवायला शिकवण्याची शाळा चालवणारा, पळायला कंटाळणारा. पण चेंडू कुणाला द्यायचा हे त्याला झोपेतही कळायचं. बाकी दुसऱ्या लीगमधली पोरं. आणि मध्यभागी इग्नास, बावीस वर्षांचा, शिलूपिसच्याच शाळेतला, जो चेंडू घेऊन निघाला की हॉलमधल्या बायका विणकाम थांबवायच्या.

ऑक्टोबरात ते जिंकले कमी, हरले जास्त. कोपोस पहिल्या तिघांत होता. विल्मांतास टीव्हीवर म्हणाला, "छोट्या गावांनी आपली मर्यादा ओळखावी."

रामुनेनं तो टीव्ही बंद केला आणि कपडे धुवायच्या मशीनची जाहिरात शोधायला बसली, कारण क्लबचं मशीन त्याच दिवशी बंद पडलं होतं.

*

मशीन मिळालं लिएपायाला, सीमेपलीकडे. हॉटेलवाल्यानं वापरलेलं, मोठं, स्वस्त. रामुने व्हॅन घेऊन गेली, तर मालक संध्याकाळशिवाय भेटणार नव्हता. बाहेर गारांचा पाऊस. समोरच्या हॉलमध्ये सामना चालू होता, तिकीट कॉफीपेक्षा स्वस्त. ती आत जाऊन बसली. पहिल्या अर्ध्यात तिच्या डोक्यावर छतातून पाणी गळायला लागलं, म्हणून मध्यंतरानंतर ती उठून यजमान संघाच्या बाकामागे जाऊन बसली. तिथं कोरडं होतं. सामना काय झाला हे तिला नीटसं आठवतही नव्हतं. एका पोरानं खूप गुण केले आणि त्याचा संघ हरला, एवढंच.

दहा दिवसांनी कोपोसनं त्या पोराला घेतलं. दोन वर्षांचा करार.

रामुने ऑफिसात ती बातमी वाचत होती आणि नवं मशीन खालच्या खोलीत धडधडत होतं. तिनं पुन्हा वाचली. मग ती इतकी हसली, की स्तासिस धावत वर आला.

"काय झालं? फीट आली का?"

"स्तासिस, मी खेळाडू बघायला जाते तेव्हा काय करते?"

"काय करतेस? बसतेस. सूर्यफुलाच्या बिया खातेस."

"आणि आवडला तर?"

स्तासिसला ठाऊक नव्हतं. ठाऊक एकाच माणसाला होतं, ज्यानं अकरा वर्षं तिच्या शेजारी बसून सामने बघितले होते. रामुनेला खेळाडू आवडला की ती मध्यंतरानंतर जागा बदलायची आणि बाकामागे बसायची. मैदानावर सगळेच बरे दिसतात. बाहेर काढल्यावर माणूस टॉवेल फेकतो, की आत गेलेल्यासाठी टाळ्या वाजवतो, हे तिला तिथून बघायचं असायचं. आजकाल गल्लीतला सामनाही इंटरनेटवर दिसतो. विल्मांतास सामने बघत नव्हता. तो प्रेक्षकांत रामुनेला शोधत होता. बाई उठून बाकामागे गेली की याचा चेक निघायचा.

"अकरा वर्षं माझ्या डोळ्यांवर पगार खाल्लास," ती त्या बातमीतल्या फोटोला म्हणाली. "अजून खातोयस होय? बरं. खा. आता मी वाढते तुला."

त्या दिवसापासून रामुने दोन संघ बांधायला लागली. एक शिलूपिसचा, नसलेल्या पैशातून. दुसरा कोपोसचा, विल्मांतासच्या पैशातून. खरं सांगायचं तर दुसऱ्यात तिला जास्त मजा येत होती.

ती टार्टूला गेली. तिथं एक अमेरिकन होता, उत्तम नेमबाज. मात्र चेंडू त्याच्या हातात गेला की तो पत्रपेटीत टाकलेल्या पत्रासारखा, परत यायचा नाही. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्यानं प्रशिक्षकाच्या पाण्याच्या बाटलीला लाथ मारली. रामुने मध्यंतरानंतर उठली, बियांची पुडी घेतली आणि ऐटीत बाकामागे जाऊन बसली. जाताना कॅमेऱ्यासमोर बुटाची नाडीही बांधून घेतली, घाई नको म्हणून.

कोपोसनं अमेरिकनाला घेतलं.

मग ती पोलंडला गेली, आल्दोनाआजीला सोबत घेऊन. आजीला तिथला बाजार बघायचा होता.

"आता हा कशाला पसंत?" आजीनं विचारलं. "हा तर आपल्याच माणसाच्या हातातून चेंडू हिसकावतोय."

"म्हणूनच, आजी. चला, उठा. जागा बदलू."

"मी इथं बरी बसलेय."

"उठा हो. तुम्ही पण दिसायला हव्यात. दोघी उठल्या म्हणजे दुप्पट किंमत देईल."

आजी उठली. कोपोसनं त्यालाही घेतलं, आणि खरंच महाग घेतलं.

वाईट खेळाडू तिनं एकही निवडला नाही. वाईट माल विल्मांताससुद्धा ओळखायचा. तिनं निवडलेले सगळे एकेकटे हिरे होते, फक्त प्रत्येकाला सगळा प्रकाश आपल्यावरच हवा होता. डिसेंबरात कोपोस एक जिंकायचा, दोन हरायचा. टीव्हीवरचे लोक म्हणायला लागले, की एवढे तारे आहेत, जुळायला वेळ लागेल. इकडे शिलूपिसची पोरं जुळून गेली होती, कारण एकमेकांना पास देण्याखेरीज त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

*

जानेवारी उजाडला आणि रामुनेची झोप गेली. इग्नासचं कलम उघडलं. महिनाअखेरपर्यंत कोपोसनं रक्कम भरली की पोरगा त्यांचा. आणि विल्मांतास आता हरत होता, म्हणजे चेंडू वाटणारा माणूस त्याला खरोखरच लागणार होता. इग्नास गेला की आठवी जागा गेली, हॉल गेला. पैजेचं तर सोडाच.

"त्याचा पगार वाढव," स्तासिस म्हणाला.

"कशातून? बस विकून?"

"मी तेव्हाच म्हटलं होतं, बस नको."

रामुनेनं खिडकीतून बघितलं. समोर सुतार विताउतासचं दुकान. गावात नवा खेळाडू आला की पलंग तिथेच बनायचा, कारण दुकानातल्या पलंगावर त्यांचे पाय बाहेर लटकायचे. पलंगाची लांबी कळली की खेळाडू कोण येणार यावर गावात चर्चा सुरू व्हायची. वर्तमानपत्राच्या आधी सुताराचा भुसा बोलायचा.

ती कोट घालून खाली उतरली.

"विताउतास, एक पलंग करायचाय. अडीच मीटर."

सुतारानं पेन्सिल कानामागून काढली आणि परत ठेवली. "अडीच? माणूस येतोय का जिराफ?"

"तुला काय करायचंय. ओकचा कर. आणि कुणाला बोलू नकोस."

एवढं म्हटल्यावर संध्याकाळच्या आत सगळ्या शिलूपिसला कळणार, हे ठरलेलंच होतं. विल्मांतासची सासू सुताराच्या बायकोकडून अंडी घ्यायची.

अडीच मीटरच्या पलंगाचा माणूस अख्ख्या बाल्कनमध्ये एकच होता. माँटेनिग्रोचा वुक्सान. दरवाजातून वाकून यायचा आणि तरी डोकं आपटायचा. मायाळू माणूस, हात फावड्यासारखे, बास्केटखाली उभा राहिला की त्याला हलवायला क्रेन लागायची. मात्र खेळाची रीत एकच. तो चालत चालत बास्केटखाली जाणार, हात वर करणार आणि चेंडू येईपर्यंत तसाच उभा राहणार. त्याच्या संघातले बाकीचे चौघे त्याला चेंडू देण्याखेरीज काही करत नसत, म्हणून त्याचे आकडे डोळे दिपवणारे. कोपोसमध्ये मात्र आता असे तिघे होते, जे मेले तरी कुणाला चेंडू देणार नव्हते.

रामुने विमानानं तिकडे, त्याच्या पॉडगोरिट्साला गेली. स्वतःच्या पैशानं. सामन्याला बसली, मध्यंतरानंतर उठली, बाकामागे बसली, आणि सामना संपल्यावर वुक्सानशी कॅमेऱ्यासमोरच हात मिळवला. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

तिसऱ्या दिवशी विल्मांतासचा फोन आला.

"काय म्हणतेस, रामुने? सुट्टी घेतलीस म्हणे. उन्हाला गेली होतीस?"

"हो. सांधे धरले होते."

"आणि पलंग कुणाला करतेयस?"

रामुनेनं थोडा वेळ घेतला. गप्प राहणं हा खोटं बोलण्याचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे हे तिला याच माणसानं शिकवलं होतं.

"कुणी सांगितलं तुला?" तिनं आवाज पाडून विचारलं.

"गाव माझंही आहे गं."

"विल्मांतास, हे एक मला राहू दे. तुझ्याकडे सगळं आहे. सॉसेजवाल्यानं पहिल्यांदाच खिशात हात घातलाय. शुक्रवारी त्याला सॉनाच्या वाफेत घेऊन जातेय, घाम काढून सही करून घेते. हा पलंगवाला आला की मी आठात आले. तुला सूप प्यावं लागेल, एवढंच ना? थोडं पी. माझ्यासाठी."

मग विल्मांतास अगदी गोड आवाजात म्हणाला, "शुभेच्छा, रामुने. मनापासून."

तिनं फोन ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर दाबून बसली.

विल्मांतासचं डोकं कसं चालतं ते ती अकरा वर्षं बघत आली होती. मालक आता एकच चेक देणार. एक तर इग्नासचं कलम, नाही तर वुक्सान. परदेशी खेळाडूंची एकच जागा उरलीय. इग्नासला नेला आणि शिलूपिसला राक्षस मिळाला, तर काय उपयोग? त्यापेक्षा राक्षस उचलावा, शिलूपिसला बुडू द्यावं, आणि क्लब बंद झाला की इग्नासला उन्हाळ्यात फुकट न्यावं. शहाण्या माणसानं असंच केलं असतं. विल्मांतास शहाणा होता, त्यात वादच नव्हता.

गुरुवारी कोपोसनं वुक्सानला घेतलं. तीन वर्षं. वैद्यकीय तपासणी नंतर बघू म्हणाले, कारण शुक्रवारच्या आत सही हवी होती.

बातमी आली तेव्हा स्तासिस व्यायामशाळेत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पलंगावर त्याचाही विश्वास बसला होता. गेले काही दिवस तो कागदावर नवे डाव काढत होता, प्रत्येक डावात बास्केटखाली एक मोठं वर्तुळ. तो वर आला तेव्हा शिट्टी त्याच्या तोंडात होती. रामुनेनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शिट्टी काढली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला खोटं बोलता येत नाही, स्तासिस. तू खुश दिसलास म्हणून तर गावाला पटलं."

"पन्नास वर्षं मी उंच माणसाची वाट बघतोय," तो म्हणाला. "पन्नास वर्षं. आणि तू माझ्या तोंडाचं आमिष केलंस."

चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिला ते लागलं. सुडाचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो ते आधी बघायला हवं होतं, असं तिला वाटलं. पण पुन्हा तशी वेळ आली असती तर तिनं तेच केलं असतं, हेही तिला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी ती त्याच्यासाठी गरम झेपेलीन घेऊन गेली. बटाट्याचे मोठे गोळे, आत मांस, वर साय. त्यानं ते सगळे खाल्ले. मग म्हणाला, "इग्नास राहिला ना?"

"राहिला."

"मग त्याला डावीकडून आत यायला शिकवतो." आणि वर्तुळांचे कागद फाडून कचऱ्यात टाकले.

*

पुढचं काही फार लांबवण्यात अर्थ नाही. कोपोसचे चार तारे एका मैदानावर असले, की चेंडूची अवस्था सासर-माहेरच्या भांडणातल्या पोरासारखी व्हायची, जो तो आपल्याकडे ओढणार. वुक्सान हात वर करून उभा राही. पहिल्या आठवड्यात तो हसतमुखानं उभा राही, नंतर नुसता. शिलूपिस एकेक सामना जिंकत वर सरकत होतं, कोपोस एकेक हरत खाली. शेवटच्या फेरीला आठव्या जागेसाठी दोनच संघ उरले, आणि सामना त्या दोघांतच, बंदरावर.

शिलूपिसहून निम्मं गाव तिकडे गेलं. आल्दोनाआजी मासे विकायचे सोडून बसच्या पुढच्या सीटवर बसली, बूट काढून.

"बस छान आहे हो," ती स्तासिसला म्हणाली.

"मला काही बोलू नका, आजी," स्तासिस म्हणाला.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. कोपोसची पोरं एकेकटी भारी होतीच. टार्टूवाल्या अमेरिकनानं असे चेंडू टाकले, की शिलूपिसच्या लोकांनीही मनातल्या मनात वाहवा केली. रामुने मध्यंतरापर्यंत आपल्या जागी होती. मग ती उठली, बियांची पुडी घेतली आणि सरळ जाऊन कोपोसच्या बाकामागे बसली.

विल्मांतासनं मागे वळून बघितलं. आधी त्याला कळलं नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग आपल्या बाकाकडे बघितलं. लिएपायाचा पोरगा, टार्टूचा, पोलंडचा, वुक्सान. पुन्हा तिच्याकडे बघितलं. रामुनेनं पुडी पुढे केली.

"घे. छान बसलेत ना सगळे? एकेक मी स्वतः निवडलाय."

त्याच्या तोंडाचा रंग उतरताना तिनं सावकाश बघितला. वर्षभर ज्याची वाट बघितली ते हेच होतं. आठवी जागा क्लबची, ही मात्र तिची एकटीची.

शेवटी शिलूपिस एका गुणानं पुढे, चेंडू कोपोसकडे. वुक्सान बास्केटखाली जवळजवळ मोकळा. त्याला अडवायला फक्त बेनास होता, जो त्याच्या काखेपर्यंत येत होता. वुक्सान हात वर करून उभा. विल्मांतास ओरडत होता, त्याला द्या, त्याला द्या. टार्टूवाल्याकडे चेंडू होता, पोलंडवाला त्याच्याकडे हात करून ओरडत होता, लिएपायाचा पोरगा दोघांच्या मध्ये घुसला. तिघांच्या गर्दीतून इग्नासनं चेंडू अलगद काढून घेतला, जसा कुणी भांडणाऱ्यांच्या ताटातला पापड उचलावा, आणि वेळ संपेपर्यंत घेऊन पळत राहिला. भोंगा वाजला तेव्हाही वुक्सानचा हात वरच होता.

स्तासिसनं शिट्टी वाजवली. सामना संपला होता, वाजवायचं काही कारण नव्हतं.

*

शनिवारच्या बाजारात विल्मांतास येईल का, यावर गावात दोन तट होते. कोपोसच्या मालकानं त्याला आदल्याच दिवशी घरी बसवलं होतं. तो सासूकडे आला होता, आणि पहाटेच गाडी काढून सटकायच्या बेतात होता. पण आल्दोनाआजीनं माशांची गाडी त्याच्या फाटकासमोर आडवी लावली आणि चाकाखाली दगड घातला.

"आजी, गाडी काढा."

"कंबर धरलीय रे," आजी म्हणाली. "तू चालत जा ना. चौक इथंच आहे."

तो चालत आला. उंटाच्या रंगाचा लांब कोट, मान खाली. चौकात मुळे, लोणी, विणलेले मोजे यांच्या टपऱ्यांमधून लोकांनी वाट करून दिली. सॉसेजवाला, सुतार, दातांची डॉक्टरीण, खेळाडू, सगळे हजर. नगराध्यक्षही आले होते, आणि नुकतंच पुढच्या वर्षाच्या पैशांबद्दल सगळ्यांना मोठ्यानं सांगून मोकळे झाले होते. वुक्सान बंदरावरून मुद्दाम आला होता. त्याच्या एका पायात बूट होता, दुसऱ्या पायात नुसता मोजा.

बूट टेबलावर होता. एवढा मोठा की शेजारची पावरोटी लहान दिसत होती. रामुनेनं पातेल्यातून सूप ओतलं. गुलाबी, गार, काकडीचे तुकडे, उकडलेलं अंडं, वरून भरपूर शेपू. एक पळी, दुसरी, तिसरी. बूट भरेचना.

"एवढं ठरलं नव्हतं," विल्मांतास हळूच म्हणाला.

"माप तूच आणलंस, तीन वर्षांच्या करारावर," रामुने म्हणाली. "मी तर लहान पायाचे घेतले होते."

लोक हसले. वुक्सानला भाषा येत नव्हती, पण सगळे हसले म्हणून तोही हसला. मग त्यानं मोठ्या मायेनं बुटाची जीभ बाहेर ओढून दिली, प्यायला सोपं जावं म्हणून.

विल्मांतासनं बूट दोन्ही हातांनी उचलला. नाक जवळ नेलं, मागे घेतलं. आजूबाजूला बघितलं. या चौकात त्याला ओळखत नाही असं एकही माणूस नव्हतं, आणि त्याच्या बाजूनं बोलेल असंही कुणी नव्हतं. त्याची सासू पुढच्या रांगेत स्टूल घेऊन बसली होती.

"रामुने," तो म्हणाला, "अकरा वर्षं आपण एकत्र काम केलं."

"केलं की. म्हणून तर बटाटेही उकडून आणलेत, सोबत खायला."

तो प्यायला लागला. पहिल्या घोटाला डोळे मिटले, दुसऱ्याला उघडले. बुटाच्या कडेवरून गुलाबी ओघळ कोटावर आला आणि बटणांवरून खाली गेला. नाडीची भोकं गळत होती, म्हणून त्याला घाई करणं भाग होतं. कुणीतरी मागून हळूच "चला, चला" म्हणत होतं, सामन्यात म्हणतात तसं, आणि मग सगळेच म्हणायला लागले. शेवटी त्यानं बूट खाली ठेवला, ओठावरचा शेपू पुसला आणि रामुनेकडे बघितलं.

रामुनेनं बूट उचलला, आत डोकावली, आणि पुन्हा त्याच्या हातात दिला.

"बोटांकडचं राहिलंय," ती म्हणाली. "उभा धर."